भातावर आक्षेप

रत्नागिरीत किटो सुरू करायला मुहूर्त नाही. हे मी हवेत बोलत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरवून, चष्मा लावून, बारा पानं उलटून बघितली आहेत. जानेवारीत संक्रांत, म्हणजे तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या. मग ओले काजूगर, आणि त्यांच्या पाठोपाठ शिमगा. पालखी दारात आलेली असताना पुरणपोळीला नको म्हणणारा माणूस आमच्या वाडीत अजून जन्मायचा आहे. एप्रिल-मे हे महिने या कामासाठी नाहीतच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ज्याच्या जिवावर किटो करायचा तो बांगडाच रजेवर. ऑगस्टात नारळी पौर्णिमेचा नारळीभात, मागोमाग गणपती आणि मोदक. पितृपक्षात जमेल असं वाटलं होतं. पण पितरांना खीर-वडे लागतात, आणि पितर काही एकटे जेवत नाहीत. पुढे कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न. डिसेंबरच्या शेवटी मुंबईकर येतात.

या सगळ्यातून उरले तुळशीच्या लग्नानंतरचे वीस-पंचवीस दिवस. ते मी धरले.

मी सरकारी लेखापरीक्षणात बत्तीस वर्षं काढली. लोकांची खर्चाची पावती हातात आली की तिच्यात चूक कुठे आहे ते मला वासावरून कळायचं. निवृत्तीनंतर आक्षेप घ्यायला काही उरलं नाही, म्हणून की काय, पोट पुढे आलं. वजन ९१ किलो. खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना शेजारच्या मुलीनं, “आजोबा, बरं वाटत नाहीये का?” असं विचारलं, त्या दिवशी मी विषय गंभीरपणे घेतला.

आमच्या घराला आहारशास्त्राचं वारं लागलेलं नव्हतं असं नाही. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राबरोबर मीही दिवसात दोनदाच आणि दर वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यात खोट नव्हती. खोट माझ्यात होती. ५५ मिनिटं ही मर्यादा आहे हे विसरून मी ती तरतूद समजलो, आणि तरतूद पूर्ण खर्ची टाकल्याशिवाय उठायचं नाही हा खात्याचा संस्कार. याच काळात आमच्या बायकोनं ऋजुता दिवेकरांचा पक्ष धरला. तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. एकाच ताटावर दोन पक्ष, असे आम्ही वर्षभर जेवलो. वजन कोणत्याही पक्षात गेलं नाही, माझ्याकडेच राहिलं.

किटोची बातमी पुण्याच्या भाच्याकडून आली. मूळचा हा उपचार वजनासाठी नव्हेच. फिट येणारे रुग्ण उपाशी राहिले की त्यांच्या फिट कमी होतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. पण माणसाला कायमचं उपाशी कसं ठेवणार? म्हणून १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अशी युक्ती सुचवली, की जेवायला घालायचं पण शरीराला उपास चालू आहे असं वाटलं पाहिजे. पीठ-साखर जवळजवळ बंद, चरबी भरपूर. औषधांनी दाद न देणाऱ्या फिटसाठी लहान मुलांना आजही हा आहार देतात, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वजनाचा इतिहास त्याहून जुना. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते, धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून त्यांनी वर्षभरात ४६ पौंड उतरवले आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिका काढली. रोज उठून शवपेट्यांची मापं बघणाऱ्या माणसाला आपल्या मापाची काळजी वाटली, यात नवल नाही. माझ्यात आणि त्यांच्यात फक्त एक किलोचा फरक होता. मी हा शकुन मानला.

तत्त्व मला दोन मिनिटांत कळलं, कारण शरीर हे अगदी सरकारी खात्यासारखं चालतं. चालू वर्षाची तरतूद, म्हणजे भात-पोळी-साखर, शिल्लक असेपर्यंत ते राखीव निधीला, म्हणजे पोटावरच्या चरबीला, हात लावत नाही. तरतूद आटली की नाइलाजानं राखीव निधी काढतं. यकृत चरबीतून किटोन नावाची द्रव्यं तयार करतं आणि मेंदूसुद्धा त्यावर भागवतो. त्यासाठी दिवसाची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमच्या आत आणायची. मी ३० वर बांधून घेतलं आणि आडव्या-उभ्या रेघांची वही केली.

आधी डॉक्टरांकडे गेलो. हे मात्र विनोदात घालवू नका. त्यांनी रक्त तपासलं, मूत्रपिंडाचा अहवाल बघितला, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू नाही याची दोनदा खात्री केली. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना असा आहार परस्पर सुरू केला तर प्रकरण रुग्णालयात जातं, म्हणाले. माझा फक्त रक्तदाब होता. “करा, पण महिन्यानं मला तोंड दाखवा,” एवढं बोलून त्यांनी टेबलावरच्या डब्यातली खोबऱ्याची वडी पुढे केली. मी घेतली. अजून सुरू झालं नव्हतं.

किटोच्या पुस्तकांत पहिला सल्ला असा असतो, की घरातला सगळा पिष्टमय माल बाहेर काढा, डोळ्यांसमोर ठेवू नका. हा सल्ला देणारा माणूस फ्लॅटमध्ये राहत असणार. मी आमच्या घराची मोजदाद केली. गावच्या शेतातला तांदूळ दोन पोती, त्यातलं एक उकड्याचं. भाकरीचं पीठ. पोहे. कुळथाचं पीठ एक डबा; कुळीथ म्हणजे प्रथिनं, असं मी समजत होतो, पोषणमूल्यांचा तक्ता म्हणाला निम्म्याहून जास्त कर्बोदकं. कडवे वाल, तीच गत. माळ्यावर फणसाचे पापड. आईच्या कॉटखाली आंबापोळी आणि फणसपोळी, दोन पत्र्याच्या डब्यांत, ज्यांची किल्ली आईच्या कमरेला. हे सगळं बाहेर काढायचं तर टेम्पो लागला असता आणि त्यात सगळ्यात शेवटी मला बसवून पाठवलं असतं. तेव्हा ठरलं, माल तिथेच राहील, डोळ्यांनी दुसरीकडे बघावं.

पहिला धक्का चहानं दिला. दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅम धरला तर ५०. म्हणजे जेवायला बसायच्या आधीच माझा खर्च मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. एवढा मोठा खर्च इतकी वर्षं किरकोळीत दाखवला जात होता.

साखर सोडणं त्यातल्या त्यात सोपं. बिनसाखरेचा चहा आठ दिवसांत अंगवळणी पडतो; पडत नाही ती यजमानीण. “एवढासाच घातलाय हो, नावाला.” रत्नागिरीत बिनसाखरेचा चहा मागितला की पहिल्यांदा आवाज खाली जातो, “कधी निघाली?” असं विचारतात, मग आपल्या घरातल्या सगळ्या मधुमेहींची नावं सांगतात, आणि या सहानुभूतीच्या भरात साखर घालतात.

भाच्यानं लोणी आणि खोबरेल घातलेल्या काळ्या कॉफीचं फार कौतुक केलं होतं. परदेशातले लोक सकाळी तेवढ्यावर दुपारपर्यंत राहतात. नारळ तर दारातच, भाट्याला नारळाचं संशोधन केंद्र, इतक्या नारळांच्या गावात राहून खोबरेल तेल बाटलीतून डोक्यावर थापण्यापलीकडे आम्ही काही केलं नाही याची मला लाज वाटली. कॉफी केली. पहिला घोट घेतला आणि थेट पाचवीच्या वर्गात गेलो. पुढच्या बाकावर बसणाऱ्या चार मुलींच्या आठ वेण्यांचा वास कपातून येत होता. उरलेली कॉफी मी अळवाला घातली. अळू छान आलंय.

खरी मौज मिरकरवाड्याला. तिथे बंदरावर उभं राहून टोपल्या बघितल्या तेव्हा वाटलं, किटो आपल्यासाठीच काढलाय. बांगडा, शून्य. सुरमई, शून्य. पेडवे, मांदेली, सौंदाळे, शून्य, शून्य, शून्य. माझ्या वहीत कर्बोदकांच्या रकान्यात इतकी शून्यं एकाखाली एक कधी आली नव्हती. शिवाय बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, म्हणजे चरबीही जागेवरच. मी दोन वाटे बांगडे घेतले.

“पाव्हणं आलं काय?” मासेवाली म्हणाली.

“नाही. मीच खाणार. भात सोडलाय.”

तिनं कोयता खाली ठेवला. “भात नाय? मग कालवण कशासंगती खानार?”

या प्रश्नाचं उत्तर बँटिंगपासून वाइल्डरपर्यंत कोणी देऊन ठेवलेलं नाही.

मासा तळतानाही एक चोरवाट आहे, ती सांगून ठेवतो. बांगड्याला आपण तांदळाचं पीठ नाहीतर रवा लावतो, आणि दोन बांगड्यांच्या अंगावरून दोन-तीन चमचे पीठ बिनबोभाट पोटात जातं. पीठ काढलं तर मासा तव्याला चिकटतो. उपाय असा, की हळद-तिखट-मीठ-आगळ लावून मासा तासभर ठेवायचा, लोखंडी तवा कडकडीत तापवायचा आणि एक बाजू पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दर अर्ध्या मिनिटाला उलथनं घालून बघणाऱ्या माणसानं पिठाशिवाय मासा करू नये. तिरफळं घालून बांगड्याचं सुकं केलं तर पिठाचा प्रश्नच येत नाही. सोलकढी चालते, साखर घातली नाही तर. ओल्या नारळाच्या १०० ग्रॅम खवात तंतू वजा करता ६-७ ग्रॅम कर्बोदकं आणि ३३ ग्रॅम चरबी. तक्त्यात इतका सज्जन पदार्थ दुसरा नाही. काजू मात्र घातकी. दिसायला बदामाचा भाऊ, पण १०० ग्रॅमला ३० ग्रॅम कर्बोदकं. आमच्या जिल्ह्याची अर्धी श्रीमंती तक्त्याच्या चुकीच्या बाजूला बसते.

सगळं सुरळीत झालं असतं, पण आईचा वार-तक्ता माझ्या तक्त्याहून जुना. सोमवारी मासे नाहीत, गुरुवारी नाहीत, शनिवारी नाहीत, चतुर्थी-एकादशी वेगळ्या. मार्गशीर्ष लागला तेव्हा गुरुवारी अंड्याचं नावही घेणं बंद. एकादशीला अख्खं घर उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याच्या फोडी खात होतं, म्हणजे अक्षरशः निव्वळ पिष्ट, आणि मी ज्याला कोणाचीच परवानगी नाही असं पनीर चघळत कोपऱ्यात. त्या दिवशी घरात एकटा मी उपाशी होतो आणि एकट्या मलाच उपास नव्हता.

शाकाहारी दिवसांसाठी फ्लॉवरचा भात करतात. फ्लॉवर किसून तुपावर परतायचा, झाकण ठेवायचं नाही, नाहीतर पाणी सुटून पेज होते. १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम कर्बोदकं, १०० ग्रॅम फ्लॉवरात तंतू सोडून ३. गणित चोख आहे. पण फ्लॉवर घाटावरून येतो. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून गाडी येणार, घाटात एखादा ट्रक आडवा झाला की माझा भात आडवा. साता पिढ्या भात पिकवणाऱ्या घरातल्या माणसानं भातासाठी घाटाकडे डोळे लावून बसावं, हे आईला बघवेना.

आईचं वय ८१, वजन ४६. सकाळी उकड्याची पेज, दुपारी भात, रात्री भात. परसातली पडलेली झापं ती अजून स्वतः ओढून नेते. बत्तीस वर्षांत माझ्यासमोर असा हिशेब आला नाही, ज्यात सगळी कलमं चुकीची आणि बेरीज बरोबर.

मी भात सोडल्याची बातमी तिनं गडग्यापलीकडे दिली ती अशी: “ह्याने भात सोडलान! काय नवस बोललान होता कोण जाणे.” पुढचे चार दिवस लोक कोणासाठी नवस आहे ते विचारायला आले. त्यांना चहा झाला.

त्याच आठवड्यात मला मुख्य गोष्ट उमगली. दुपारी मी दोन बांगडे, दोन अंडी, वाटीभर खोबरं घातलेली फरसबी, तुपातला फ्लॉवर आणि दोन पेले सोलकढी एवढं जेवून उठलो होतो. आई बायकोला सांगत होती, “सकाळपासून उपाशी आहे गो तो.” ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे भात म्हणजे जेवण. बाकी सगळं तोंडी लावणं. मासा तोंडी लावणं, भाजी तोंडी लावणं, कढीसुद्धा. कोकणच्या स्वयंपाकघरात किटोला लागणारं झाडून सगळं आहे, पण ते सगळं भातासाठी जन्माला आलंय. किटोवाला माणूस म्हणजे नवरदेव नसलेल्या वरातीत नाचणारा.

पाचव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे आले, जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसलो. याला किटो फ्लू म्हणतात. शरीरातला साखरेचा साठा संपतो तसं त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि त्यासोबत मीठही. उपाय साधा, पाणी आणि मीठ वाढवायचं. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून. मी फोनवर विचारलं, थोडं वाढवा म्हणाले. आईला सांगितलं, “गरम पाण्यात मीठ घालून दे.” तिनं दिलं. मी घटाघट प्यायलो, दहा मिनिटांत तरतरी आली, अमेरिकन शास्त्राला मनातल्या मनात नमस्कार केला. भांडं धुताना तळाशी चार शितं दिसली.

पेज होती. “मीठ घातलेलं गरम पाणीच ते,” आई म्हणाली. “वर थोडं तूप सोडलंय. तुझ्या किटोचं.” मी वहीत ‘पाणी, १ पेला’ असं लिहिलं आणि कंसात ‘तपासणे’.

मग पट्ट्यांचं. लघवीत किटोन उतरले की कागदाची पट्टी जांभळी होते. दहाव्या दिवशी माझी झाली, अगदी पिकल्या जांभळासारखी. बायकोला हाक मारून दाखवली. तिनं इतर काही नाही, फक्त श्वास दुसरीकडे सोडायला सांगितलं. किटोनांतलं एक म्हणजे ॲसिटोन, तेच जे नखांचा रंग पुसायच्या बाटलीत असतं, आणि ते तोंडावाटे बाहेर पडतं. “अहो, तुमच्याशी बोलायचं म्हणजे नेलपॉलिश उडेल माझं,” ती म्हणाली. वेलची चघळली तर वास थोडा दबतो. पाणी जास्त प्यायलं तरी. मी त्या दिवसांत भाट्याच्या पुलावर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभा राहत असे.

तसं हे गाव स्थानबद्धांना सरावलेलं आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली राज्यासकट सगळं मागे सोडून हद्दपार झाला आणि शेवटी इथे येऊन राहिला, १९१६ साली इथेच गेला. त्याचा राजवाडा टेकडीवरून अजून खाडीकडे बघतो. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्यांच्यापुढे माझा भात तो काय? तरीही लग्नाच्या पंगतीत समोरून वरणभाताचा वाढपी सरळ येताना दिसला, की मला थिबाबद्दल जी आत्मीयता वाटे ती शाळेत इतिहास शिकताना वाटली नव्हती. पंगतीसाठी एकच सल्ला: पानावर हात आडवा धरू नका, त्याला आग्रह समजतात. पान अळूच्या भाजीनं आणि कोशिंबिरीनं आधीच भरून टाका, जागाच ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले. मी पेढे वाटण्याच्या बेतात होतो. तेही चुकीचं ठरलं असतं आणि आनंदही, कारण ते तीन किलो बहुतेक पाणीच होतं. खरी चरबी पुढे सावकाश उतरते, कधी आठवड्याला पाव किलो, कधी काहीच नाही. मुंबईकर आले आणि गेले. संक्रांतीला एक तिळगूळ खाल्ला, नोंद केली. शिमग्याला अर्धी पुरणपोळी. त्या दिवशी वही सापडेना. डॉक्टरांनी दर महिन्याला रक्त बघितलं, कोलेस्टेरॉलवर भुवई एकदा उंचावली, लोणी कमी करून बांगडा वाढवायला सांगितलं. मार्चअखेर काटा ८२ वर होता. चपलेचा पट्टा मी उभ्या-उभ्या लावत होतो आणि शेजारच्या मुलीनं ते बघावं म्हणून दोनदा लावत होतो.

मग बागेतली पहिली पेटी घरात उघडली.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कर्बोदकांत सूट मिळाली नाही. १०० ग्रॅम गराला १५ ग्रॅम. बेताच्या आंब्यात दीडशे ग्रॅम गर धरला तर २२-२३. माझी मर्यादा ३०. म्हणजे एक आंबा खायचा आणि उरलेला दिवस बांगड्याकडे बघत काढायचा. मी दिवसाला एक फोड मंजूर केली. ती काट्यानं खायचो, तुकडे करून, चौदा तुकडे होतात. घरात गवताचा आणि आंब्याचा वास इतका भरलेला, की नुसत्या श्वासातून किती ग्रॅम जात असतील अशी मला शंका यायची.

चौथ्या रात्री झोप येईना म्हणून तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आंबा, पिकलेला. आंबा, कच्चा. आंब्याचा रस. आंब्याचं लोणचं. सुकवलेला आंबा. मी उठून बसलो. तक्त्यात बाठा नव्हता. पुन्हा वाचला. भाच्याच्या ॲपमध्ये शोधला, तिथेही नव्हता. जगात कोणी बाठ्याची कर्बोदकं मोजलेली नाहीत. आणि ज्या बाबीला लेखाशीर्षच नाही, तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, हे मला शिकवायला कोणी नको.

तेव्हापासून घरातले सगळे बाठे माझ्याकडे येतात. मी ओटीवर बसून कोपरापर्यंत ओघळ येईतो चोखतो, वहीत काही लिहीत नाही. बायको हल्ली आंबे कापते ते निराळंच. फोडी इतक्या पातळ काढते की पलीकडचं दिसावं, आणि बाठे चांगले जाड. ती हे मुद्दाम करते का, ते मी विचारलेलं नाही. परवा मुंबईहून आलेल्या नातवानं ताटातला बाठा उचलला, तर आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

“ठेव तो,” ती म्हणाली. “आजोबांचं पथ्य आहे ते.”